अहवाल पॉझिटिव्ह, पण आजार आहे का?

विद्यार्थी मित्रांनो, आधी एक गणित. ते वाचून झाले की पुढचा मजकूर कागदाने झाका आणि मनात येईल ते उत्तर वहीच्या कोपऱ्यात लिहून ठेवा.

एक आजार दर हजार माणसांत एकाला असतो. तो ओळखण्यासाठी एक चाचणी आहे. निरोगी माणसांपैकी शेकडा ५ जणांच्या बाबतीत ती चुकते, म्हणजे आजार नसताना ‘आहे’ असे सांगते. एका माणसाची ही चाचणी केली आणि अहवाल पॉझिटिव्ह आला. त्याला काही त्रास होतो का, लक्षणे कोणती, हे आपल्याला मुळीच ठाऊक नाही. तर त्याला तो आजार खरोखर असण्याची शक्यता शेकडा किती?

लिहिलेत? तुमच्यापैकी पुष्कळांनी ९५ लिहिले असेल. तसे असेल तर तुम्ही मोठ्या मंडळींच्या पंक्तीला बसला आहात! १९७८ साली अमेरिकेत कॅसेल्स आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी हाच प्रश्न हार्वर्ड वैद्यकीय विद्यालयाशी जोडलेल्या चार रुग्णालयांत विचारला. व्हरांड्यात जे भेटतील त्यांना थांबवून विचारले. त्यांत शेवटच्या वर्षाचे २० विद्यार्थी, २० निवासी डॉक्टर आणि २० ज्येष्ठ डॉक्टर होते. या ६० जणांपैकी २७ जणांनी ९५ असे उत्तर दिले. बरोबर उत्तर आले फक्त ११ जणांना.

बरोबर उत्तर आहे शेकडा २.

दचकलात ना? मग चौकटींची वही घ्या. एका ओळीत ५० चौकटी, अशा २० ओळी आखा. या झाल्या १००० चौकटी, म्हणजेच १००० माणसे. त्यांतील एक चौकट लाल पेन्सिलीने भरा. हा खरा आजारी. उरले ९९९ निरोगी. त्यांतील शेकडा ५ जणांना चाचणी उगीचच आजारी ठरवणार, म्हणजे जवळजवळ ५० जणांना. त्या ५० चौकटींत निळी फुली मारा. आता ज्यांच्या हातात पॉझिटिव्ह अहवाल आहे असे सगळे मोजा. लाल एक, निळे पन्नास, एकूण ५१. या ५१ जणांत आजारी किती? एक. एकाला ५१ ने भागा. शेकडा २ हूनही किंचित कमीच भरते.

(एखादा चौकस विद्यार्थी म्हणेल, आजारी माणूस चाचणीतून निसटला तर? शंका रास्त आहे. मूळ प्रश्नात ते सांगायचे राहूनच गेले होते. चाचणी एकाही आजाऱ्याला सोडत नाही असे आपण धरले आहे. तसे नसेल तर उत्तर २ पेक्षाही खाली येईल.)

मग ९५ आले कोठून? शंभरातून ५ वजा केले, झाले! पण ते ५ शेकडा कोणाचे, हे पाहायचे राहिले. ते आहेत निरोगी माणसांपैकी. प्रश्न होता पॉझिटिव्ह आलेल्या माणसांविषयी. पाऊस पडतो तेव्हा आभाळात ढग असतातच, पण ढग आले म्हणजे पाऊस पडतोच असे नाही, हे आपल्याकडच्या कोणाही शेतकऱ्याला ठाऊक असते. तेच वाक्य शेकडेवारीत घातले की भल्याभल्यांची गल्लत होते.

या प्रयोगातील मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती गोष्ट पुढेच आहे. बरोबर उत्तर देणाऱ्या ११ जणांत विद्यार्थी ४, निवासी डॉक्टर ३ आणि ज्येष्ठ डॉक्टर ४ होते. म्हणजे इतक्या वर्षांच्या अनुभवाने काहीच फरक पडला नाही. आणि ही शिक्षण देणारी रुग्णालये होती. तेथे ज्येष्ठ डॉक्टर रुग्णाच्या खाटेपाशी उभे राहून शिकवतात आणि त्यांनी अहवालाचा लावलेला अर्थ विद्यार्थी आयुष्यभर बरोबर नेतात. त्या ५० निळ्या चौकटी म्हणजे ५० धडधाकट माणसे. ‘तुम्हांला शेकडा ९५ आजार आहे’ असे ऐकून घरी गेलेल्या माणसाची झोप उडेल. कदाचित नको असलेले औषध किंवा शस्त्रक्रियाही त्याच्या वाट्याला येईल.

अनुभवाने ही चूक का सुधारली नाही? मला वाटते, एक कारण रुग्णालयातच आहे. तेथे माणूस लक्षणे घेऊन येतो. समजा, अशा १००० जणांत २०० जणांना खरोखर तो आजार आहे. चाचणी त्या २०० जणांना पकडेल आणि ८०० निरोग्यांपैकी ४० जणांना चुकीने पकडेल. पॉझिटिव्ह एकूण २४०, त्यांत आजारी २००. म्हणजे शेकडा ८३! चाचणी तीच, चूकही तेवढीच, पण अहवालाचा अर्थ पार बदलला. वॉर्डात रोज हे पाहणाऱ्या डॉक्टरांना चाचणी भरवशाची वाटली तर नवल नाही. तीच चाचणी गावातल्या सगळ्यांची सरसकट करायला घेतली की घोटाळा होतो. मुळात आजार किती जणांत आहे, हे ठाऊक असल्याशिवाय अहवाल वाचताच येत नाही.

२०१४ साली बोस्टनमध्येच हा प्रश्न पुन्हा ६१ जणांना विचारला गेला. मधल्या ३६ वर्षांत संगणक आले, नवनवी यंत्रे आली. बरोबर उत्तरे आली १४. आणि ९५ म्हणणारे? पुन्हा २७!

तरी निराश होण्याचे कारण नाही. लेडा कॉस्माइड्स आणि जॉन टूबी या दोन संशोधकांनी १९९६ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातील विद्यार्थ्यांना हे गणित दोन प्रकारे घातले. मूळ शेकडेवारीच्या भाषेत शेकडा १२ जणांचे उत्तर बरोबर आले. मग तेच गणित ‘हजारांतील एक आजारी, निरोगी हजारांतील ५० पॉझिटिव्ह’ असे माणसे मोजून मांडले आणि चाचणी प्रत्येक आजाऱ्याला पकडते हेही स्पष्ट सांगितले. आता शेकडा ७६ जणांना उत्तर आले. शिक्षकांनी हा धडा वर्गात घेताना सूत्र फळ्यावर लिहिण्याआधी मुलांना चौकटी रंगवू द्याव्यात, असे म्हणतो ते यासाठीच.

आता तुम्ही विचाराल, अहवाल इतका फसवा असेल तर चाचणी करायचीच कशाला? कारण ती हजारांतून ५१ जण निवडून देते. पुढे त्या ५१ जणांचीच दुसरी चाचणी करायची. मात्र ती वेगळ्या पद्धतीची हवी, कारण रक्तातील एखाद्या पदार्थाने पहिली चाचणी फसली असेल तर तीच पुन्हा करून पुन्हा फसेल. आपल्या देशात लक्षणे नसलेल्या माणसाला एचआयव्हीची लागण झाली आहे असे सांगण्यापूर्वी तीन निरनिराळ्या चाचण्या पॉझिटिव्ह याव्या लागतात, त्यामागे हेच गणित आहे.

तेवढे मांडून पाहा. सोयीसाठी १ लाख माणसे घ्या. आजारी १००, निरोगी ९९,९००. पहिल्या चाचणीत चुकून पॉझिटिव्ह ४,९९५. या सर्वांची दुसरी, स्वतंत्र चाचणी केली आणि तीही निरोग्यांत शेकडा ५ वेळा चुकते असे धरले, तर चुकीचे उरतात सुमारे २५०. म्हणजे साडेतीनशे पॉझिटिव्ह माणसांत आजारी १००, शेकडा २८ हून थोडे अधिक. तशाच तिसऱ्या चाचणीनंतर काय होईल, ते तुम्ही काढा. उत्तर ८९ च्या आसपास आले पाहिजे.