संदर्भपुस्तिका अद्ययावत ठेवण्याची पद्धत

पेडणे अथवा डिचोली तालुक्यातील शेतकऱ्यास एक-चौदाच्या उताऱ्याचे महत्त्व निराळे सांगावे लागत नाही. वडिलांच्या निधनानंतर वारसांची नोंद वेळेवर झाली नाही, तर जमीन कसणारा एक आणि कागदावरील नाव दुसऱ्याचे, अशी स्थिती उद्भवते. हा कागद एके काळी खराच होता. वस्तुस्थिती पुढे गेली आणि तो मागे राहिला. संगणकाच्या संदर्भपुस्तिकांनाही हाच न्याय लागू पडतो. शाळांतून व कार्यालयांतून संगणकाचा वापर रूढ झाला असल्याने या विषयाची माहिती सर्वांस असणे अगत्याचे आहे.

संपादक म्हणजे काय?

संगणकावर मजकूर लिहिण्याच्या व दुरुस्त करण्याच्या साधनास मजकूर-संपादक म्हणतात. काही संपादक असे असतात की, वापरणाऱ्यास त्यांत स्वतःच्या आज्ञा रचून भर घालता येते. ईमॅक्स हा त्यांतील एक जुना व प्रसिद्ध संपादक होय. त्याचा उगम १९७६ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्या संस्थेत झाला. पुढे रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८५ साली जीएनयू ईमॅक्स वितरित केला. त्यातील बहुतेक आज्ञा लिस्प या भाषेत लिहिलेल्या आहेत. तो विनामूल्य मिळतो व त्यात देवनागरी लिहिण्याची सोय आहे. त्याच्या दोन मुख्य पुस्तिका आहेत: एक सामान्य वापरणाऱ्यासाठी, दुसरी लिस्पमध्ये आज्ञा रचणाऱ्यासाठी. याशिवाय प्रत्येक आज्ञेसोबत एक छोटी टीप जोडलेली असते व ती पडद्यावर वाचता येते.

जुन्या पुस्तिकेने होणारी हानी

पूर्वी या संपादकात ‘खालच्या ओळीवर जा’ ही आज्ञा दिली असता चिन्ह मजकुरातील पुढील ओळीवर जात असे. २००९ सालच्या तेविसाव्या आवृत्तीपासून ते पडद्यावर दिसणाऱ्या पुढील ओळीवर जाऊ लागले. फरक लहान दिसतो, परंतु परिणाम मोठा आहे.

समजा, एखाद्या विद्यार्थ्याने गावातील घरांची यादी केली. प्रत्येक घराची नोंद लांब असल्याने ती पडद्यावर दोन ओळींत दिसते. जुने पुस्तक पाहून त्याने ‘ओळीच्या आरंभी जा, खूण कर, खाली जा’ अशी आज्ञांची साखळी नोंदवून शंभर वेळा चालविली. आता ‘खाली जा’ म्हणताच चिन्ह त्याच नोंदीच्या दुसऱ्या भागावर उतरते, व ‘आरंभी जा’ म्हणताच पुन्हा त्याच नोंदीच्या आरंभी परतते. परिणामी एकाच घरापुढे शंभर खुणा होतात व बाकीची यादी तशीच राहते. ज्याच्याजवळ विचारण्यास जाणकार नाही, असा खेड्यातील विद्यार्थी चूक आपलीच समजून निराश होतो. वास्तविक दोष पुस्तकाचा असतो.

दुरुस्तीची रीत

ईमॅक्सचे जाणकार यासाठी पुढील शिस्त पाळतात:

१. प्रत्येक बदलाची नोंद ‘नवीन काय’ या सूचीत होते. नोंदीपुढे अधिकाची तीन चिन्हे असल्यास पुस्तिकेत दुरुस्ती झाली, व उण्याची तीन चिन्हे असल्यास पुस्तिकेत दुरुस्तीची आवश्यकता नाही, असे समजावे. कोणतेही चिन्ह नसल्यास काम शिल्लक आहे.

२. आज्ञेसोबतची टीप व पुस्तिका या दोहोंतील मजकूर परस्परांशी जुळवून पाहतात. टिपेचे पहिले वाक्य स्वयंपूर्ण असावे, असा संकेत आहे.

३. जुनी आज्ञा एकाएकी काढून न टाकता ती कोणत्या आवृत्तीपासून कालबाह्य झाली व तिच्याऐवजी कोणती वापरावी, हे नमूद करतात. उताऱ्यावर नावापुढे फेरफाराचा क्रमांक असतो, त्याप्रमाणे यावरून मागचा माग काढता येतो.

४. पुस्तिका कोणत्या आवृत्तीची आहे, हे आरंभीच छापतात.

याखेरीज पुस्तिकेतील प्रत्येक उदाहरण प्रत्यक्ष चालवून पाहावे. वाचून बरोबर वाटलेले उदाहरण चालविल्यावर चुकीचे ठरू शकते.

आपल्याकडील उपयोग

हीच रीत इतरत्रही उपयोगी आहे. २०११ साली धारबांदोडा तालुका निर्माण झाला व गोव्यातील तालुक्यांची संख्या ११ वरून १२ झाली. त्यापूर्वीचा नकाशा वर्गात टांगलेला असल्यास शिक्षकांनी त्यावर वर्ष लिहून ठेवावे. कार्यालयांनी माहितीपत्रकावर दुरुस्तीची तारीख घालावी. ग्रामस्थांनीही जुन्या पत्रकावर विसंबून अर्ज करण्यापूर्वी ती तारीख पाहावी. चूक आढळल्यास ती संबंधितांस लेखी कळवावी. कारण कागदातील चूक प्रथम दिसते ती तो वापरणाऱ्यास, आणि त्याने कळविल्याखेरीज ती दुरुस्त होणे कठीण असते.