जुनी खेळपेटी व तिचे घरगुती रूपांतर



जयविलास राजवाड्यातील चांदीची आगगाडी आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिली असेल. मेजावरच्या रुळांवरून ती पाहुण्यांपुढे पेयांच्या सुरया घेऊन जाई, आणि कोणी सुरई उचलली की जागीच थांबे. हाताची साधी हालचाल यंत्राला आज्ञा कशी होते, याचे याहून देखणे उदाहरण आपल्या ग्वाल्हेरीत शोधूनही सापडावयाचे नाही. आज ज्या यंत्राविषयी लिहावयाचे आहे, ते दिसावयास निराळे असले तरी त्याचे मर्म हेच आहे. ते यंत्र म्हणजे नाणे टाकून खेळावयाची व्हिडिओ गेमची उभी पेटी.

१९७८ साली जपानात ‘स्पेस इन्व्हेडर्स’ व १९८० साली ‘पॅकमॅन’ हे खेळ निघाले आणि अशा पेट्यांचे वेड जगभर पसरले. पुढे घरोघरी संगणक आले, प्रत्येकाच्या हाती मोबाईल आला, आणि पेट्या अडगळीत पडल्या. त्यांतील एखादी भंगाराच्या दुकानी हाती लागली, तर तिच्यात अनेक खेळ बसवून ती घरी वापरता येईल काय? खात्रीने येईल. मात्र पुष्कळजण घाईघाईने आतील तारा कापून टाकतात, पडदा फेकून देतात व रिकाम्या खोक्यात नवे सामान भरतात. याला रूपांतर म्हणणे मला रुचत नाही. पेटीची रचना समजून घेतली, तर असे काही करण्याची गरजही उरत नाही.

पेटीचे मागील दार उघडले असता चार गोष्टी दिसतात : पडदा, वीजपुरवठ्याचा डबा, खेळाचे सर्किट बोर्ड आणि या सर्वांना जोडणारा तारांचा जुडगा. समोरच्या फळीवर खेळण्याचा दांडा व बटणे असतात. दांड्याच्या बुडाशी चार बाजूंना चार लहान स्विच बसविलेले असतात. दांडा डावीकडे झुकला की डावा स्विच मिटतो व त्याची तार जमिनीच्या तारेला जोडली जाते. एरवी त्या तारेवर सुमारे ५ व्होल्ट दाब असतो, तो शून्यावर येतो. बोर्डाला एवढेच कळते. खेळणाऱ्याचा आवेश त्याला कळत नाही! दांडा तिरपा केला तर शेजारचे दोन स्विच एकदम मिटतात, म्हणून चार स्विचांतून आठ दिशा मिळतात.

प्रारंभी प्रत्येक कारखानदार तारांची जुळणी आपल्या मर्जीप्रमाणे करी. एका खेळाचे बोर्ड दुसऱ्याच्या पेटीत चालत नसे. १९८५ च्या सुमारास जपानी उत्पादकांच्या संघटनेने एक सामाईक जुळणी ठरवून दिली. संघटनेच्या आद्याक्षरांवरून तिला ‘जामा’ म्हणतात. बोर्डाच्या कडेवर दोन्ही बाजूंस २८ मिळून ५६ स्पर्शबिंदू, आणि वीज, चित्र, आवाज, नाणे, दांडा, बटणे यांची जागा त्यांत ठरलेली. दुकानदार जुना बोर्ड उपसून नवा खोचू लागला. त्या कारखानदारांच्या डोळ्यांपुढे केवळ व्यापार होता. परंतु चाळीस वर्षांपूर्वीच्या पेटीत आजचे बोर्ड बसते, ते त्या करारामुळेच.

म्हणून प्रथम पाहावे ते हे की, आपली पेटी ‘जामा’ची आहे काय. असल्यास अनेक खेळांचे तयार बोर्ड त्याच जागी खोचता येते. दुसरा मार्ग अधिक शिकविणारा आहे. २०१२ साली इंग्लंडमध्ये निघालेला ‘रास्पबेरी पाय’ हा तळहाताएवढा संगणक योग्य जोडपट्टीच्या साहाय्याने त्याच ५६ बिंदूंना जोडावा व त्यावर जुन्या यंत्रांची नक्कल करणारा कार्यक्रम चालवावा. अशा कार्यक्रमांत ‘मेम’ विख्यात आहे. इटलीच्या निकोला साल्मोरिया यांनी तो १९९७ साली प्रसिद्ध केला. ‘पॅकमॅन’चा प्रक्रियक सेकंदाला सुमारे ३० लाख ठोके देई. पहिला रास्पबेरी पाय ७० कोटी देत असे. जुन्या प्रक्रियकाची एकेक आज्ञा वाचून तिचे सोंग वठवावयास नव्याला अनेक आज्ञा खर्चाव्या लागतात. त्या वेगाचा उपयोग येथे होतो.

‘हजारो खेळ’ या विक्रेत्यांच्या जाहिरातीस मात्र भुलू नये. ‘पॅकमॅन’ला उभा पडदा लागतो, १९९१ च्या ‘स्ट्रीट फायटर टू’ला आडवा. त्या खेळास प्रत्येकी सहा बटणे हवीत. ‘जामा’त प्रत्येकी तीनच आहेत, म्हणून जादा तारा ओढाव्या लागतात. मोटारीच्या खेळाला तर चाकच हवे. शिवाय जुन्या खेळांवरही मालकांचे हक्क असतात. ‘रॉबी रोटो’सारखे थोडे खेळ हक्कदारांनी विनामूल्य मोकळे केले आहेत; आरंभ त्यांच्यापासून करावा.

आता सर्वांत गंभीर गोष्ट. जुना पडदा म्हणजे काचेची चित्रनलिका. तिच्यात २० हजार व्होल्टच्या आसपास दाब असतो व पेटी बंद केल्यावरही तो काही काळ टिकून राहतो. प्लग काढला म्हणजे भय संपले, ही समजूत प्राणावर बेतू शकते. विद्यार्थ्यांनी नलिकेला व तिच्यामागील पट्टीला मुळीच हात लावू नये. ते काम जुने दूरदर्शनसंच दुरुस्त करणाऱ्या जाणत्या कारागिराकडे सोपवावे. पेटीच्या धातूच्या भागांना अर्थिंग आहे की नाही, हेही त्याच्याकडूनच तपासून घ्यावे. नलिका चांगली असेल तर ती ठेवावी. तिची किरणशलाका सेकंदाला १५ हजारांहून अधिक रेषा आखते व ते जुने खेळ याच गतीसाठी रचलेले आहेत. सपाट पडद्यावर तीच चित्रे चौकोनी ठोकळ्यांसारखी रूक्ष दिसतात.

नाण्याची खाच बुजवून टाकण्याचा मोह होतो. ती राहू द्यावी. टोकनांचा डबा आईच्या स्वाधीन केला की परीक्षेच्या दिवसांत वेगळी बंदी घालावी लागत नाही. पावसाळ्यात भुशाच्या फळ्या फुगतात व वाळवीही लागते, म्हणून तळाला लाकडी ठोकळे देऊन पेटी जमिनीपासून उचलून ठेवावी. जुने बोर्ड स्थिर विजेपासून रक्षण करणाऱ्या पिशवीत घालावे, कोणती तार कोठे होती त्याचा आराखडा कागदावर काढून सोबत ठेवावा आणि ती पिशवी पेटीच्या तळाशीच बांधून ठेवावी.