कमांड लाइन आर्ग्युमेंट आणि चाचणी : शंभर गुण मिळवणारा नापास का झाला?

समजा तुम्ही पायथनमध्ये निकाल लावणारी एक छोटी स्क्रिप्ट लिहिली. ती अशी चालते :

पायथन निकाल.पाय गुण.सीएसव्ही ३५

(इथे आज्ञा देवनागरीत दिली आहे, टाईप करताना इंग्रजी अक्षरं आणि अंक वापरा.)

स्क्रिप्टच्या नावापुढे जे लिहिलं, ती झाली आर्ग्युमेंट्स. पहिलं म्हणजे गुणांची फाईल, दुसरं म्हणजे पास होण्यासाठी लागणारे किमान गुण. पायथन ही सगळी 'सिस' मॉड्यूलमधल्या 'आर्गव्ही' नावाच्या लिस्टमध्ये ठेवतो. लक्षात ठेवा, या लिस्टमध्ये शून्य क्रमांकावर स्क्रिप्टचं नाव असतं. आपली आर्ग्युमेंट्स एकपासून सुरू होतात.

आता गंमत बघा. ७२ गुणांचा विद्यार्थी पास, २८ गुणांचा नापास. सगळं बरोबर! पण १०० गुणांचा विद्यार्थी नापास होतो आणि ९ गुणांचा पास! असं का?

कारण कमांड लाइनवरून येणारी प्रत्येक गोष्ट स्ट्रिंग असते. सीएसव्ही फाईलमधून वाचलेले गुणही स्ट्रिंगच. दोन स्ट्रिंगची तुलना शब्दकोशासारखी होते, म्हणजे आधी पहिलं अक्षर बघायचं. १०० मधला १ हा ३५ मधल्या ३ पेक्षा लहान, म्हणून नापास. ९ मात्र ३ पेक्षा मोठा, म्हणून पास. दोन्ही बाजूंना दोन अंकी आकडे असले की ही चूक दिसतच नाही. म्हणूनच चाचणीसाठी आकडे निवडताना १००, ९ आणि बरोब्बर सीमेवरचा ३५ घ्यायला हवा.

उपाय काय? 'आर्गपार्स' मॉड्यूल वापरा. किमान गुणांच्या आर्ग्युमेंटला 'टाईप' म्हणून 'इंट' द्या. फाईलमधले गुणही 'इंट'मध्ये बदला. एकच बाजू बदलली आणि दुसरी विसरलात, तर पायथन लगेच टाईप-एरर देतो. ते बरंच आहे. गुपचूप चुकीचा निकाल लागण्यापेक्षा स्क्रिप्ट थांबलेली परवडली.

आता चाचणी स्वयंचलित करू. इथे बरेच जण अडकतात. स्क्रिप्ट हाताने चालवली की चालते, पण पायटेस्टमध्ये चालवली की बंद पडते. कारण सोपं आहे. त्या वेळी 'आर्गव्ही'मध्ये तुमची नाही, तर पायटेस्टला दिलेली आर्ग्युमेंट्स असतात. आर्गपार्स तीच वाचतो आणि गोंधळतो.

म्हणून मुख्य फंक्शनला आर्ग्युमेंट्सची लिस्ट पॅरामीटर म्हणून घेऊ द्या, तिची डीफॉल्ट किंमत 'नन' ठेवा आणि तीच लिस्ट 'पार्स आर्ग्ज'ला पुढे द्या. लिस्ट दिली नाही, तर आर्गपार्स नेहमीप्रमाणे कमांड लाइन वाचतो. चाचणीत मात्र आपण हवी ती लिस्ट देऊ शकतो. फक्त तिच्यात स्क्रिप्टचं नाव लिहू नका, आणि ३५ हा आकडा अवतरण चिन्हांत, स्ट्रिंग म्हणूनच द्या. खऱ्या कमांड लाइनवर तो तसाच येतो ना!

चुकीचं इनपुटही तपासा. ३५ च्या जागी कुणी 'पस्तीस' लिहिलं तर? आर्गपार्स चुकीचा संदेश दाखवतो आणि 'सिस्टिम एक्झिट' करतो, एक्झिट कोड २. पायटेस्टच्या 'रेझेस'ने हे पकडून कोड २ आहे का ते बघा.

शेवटी पूर्ण स्क्रिप्टची एक तरी चाचणी हवी. त्यासाठी 'सबप्रोसेस'चं 'रन' वापरा आणि आज्ञा लिस्टच्या रूपात द्या. फाईलचं नाव 'दहावी अ.सीएसव्ही' असेल, तर टर्मिनलवर अवतरण चिन्हांशिवाय त्या जागेमुळे त्याची दोन आर्ग्युमेंट्स होतात. लिस्टमध्ये मात्र एक घटक म्हणजे एकच आर्ग्युमेंट. स्क्रिप्ट नीट संपली तर रिटर्न कोड ० मिळतो. पण कोड ० म्हणजे निकाल बरोबर असं नाही! आपली शंभर गुणांची चूकही ० देऊनच संपत होती. म्हणून छापलेला निकालही तपासायचा.

करून बघा : किमान गुण दिलेच नाहीत तर ३५ धरले जावेत, असा बदल करा. त्याची चाचणी आधी लिहा, ती नापास होताना बघा आणि मगच कोड बदला.