पूर्ण मनाने



एका शास्त्र्याने प्रभू येशूला विचारले, सर्व आज्ञांमध्ये पहिली आज्ञा कोणती? देवावर प्रीती करणे ही पहिली आज्ञा, असे प्रभूने सांगितले. पण तेवढेच सांगून प्रभू थांबला नाही. मन, जीव, बुद्धी आणि शक्ती अशी चार नावे त्याने घेतली आणि प्रत्येक नावाआधी 'पूर्ण' हा शब्द ठेवला (मार्क 12:28-31). आज आपण या एकाच शब्दावर मनन करू या.

आपण देवाला काहीच देत नाही, असे नाही. रविवारची मिस्सा आपण चुकवत नाही. घरी रोझरी म्हणतो, उपवासकाळात मांसाहार सोडतो, सणाला देणगी देतो. तरीही वर्षानुवर्षे आपला राग तोच, जुने वैर तेच आणि प्रार्थनेतला कोरडेपणाही तोच राहतो. असे का होते? आपल्या मनाच्या घरात देवाला ओटीवर जागा असते, देवघरातही असते. पण आतली एक खोली आपण कुलूप लावून ठेवतो आणि तिची किल्ली आपल्याच खिशात असते.

श्रीमंत मनुष्य आणि गरीब विधवा

मार्कच्या शुभवर्तमानात एक श्रीमंत मनुष्य धावत येऊन प्रभूपुढे गुडघे टेकतो. तो लहानपणापासून आज्ञा पाळत आला आहे. प्रभू त्याच्याकडे प्रेमाने पाहतो आणि त्याच्या कुलूपबंद खोलीवर बोट ठेवतो. ती खोली म्हणजे त्याची मालमत्ता. तो मनुष्य खिन्न होऊन निघून जातो (10:17-22). तो वाईट नव्हता. त्याची किल्ली तेवढी सुटली नाही.

पुढे मंदिराच्या दानपेटीत एक गरीब विधवा दोन लहान नाणी टाकते (12:41-44). एक नाणे देवाला देऊन दुसरे तिला भाकरीसाठी ठेवता आले असते. तिला कोणी दोष दिला नसता. पण तिने दोन्ही दिली. रक्कम लहान होती, पण मन पूर्ण होते. प्रभूने मोजले ते मन.

आपल्या मातीतील साक्षीदार

पूर्ण मन एका दिवसात तयार होत नाही. वसईचे संत गोन्सालो गार्सिया यांचे जीवन आपल्याला हेच शिकवते. त्यांचा जन्म 1556-57च्या सुमारास वसईत झाला. येशूसंघीय धर्मगुरूंच्या सहवासात ते वाढले आणि कोवळ्या वयातच त्यांच्याबरोबर जपानला गेले. तेथील भाषा शिकून त्यांनी काही वर्षे धर्मशिक्षक म्हणून सेवा केली. येशूसंघात प्रवेश मिळावा ही त्यांची इच्छा मात्र पूर्ण झाली नाही. मग ते व्यापारात शिरले आणि तेथे त्यांचा चांगला जम बसला.

इथेच थांबले असते, तर त्यांना कोण नावे ठेवणार होते? ते सचोटीचे, श्रद्धाळू व्यापारी म्हणून सुखाने जगले असते. पण देवाची हाक त्यांच्या मनातून गेली नाही. मनिला येथे व्यापार सोडून ते फ्रान्सिस्कन संघात साधे ब्रदर झाले. पुढे संत पीटर बाप्टिस्ट यांच्याबरोबर दुभाषी म्हणून ते पुन्हा जपानला गेले. जी भाषा त्यांनी तरुणपणी शिकली होती आणि जी व्यापारातही कामी आली होती, तीच आता देवाच्या सेवेला लागली. 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकी येथे त्यांना इतर 25 जणांसह क्रुसावर चढवून भाल्यांनी भोसकण्यात आले. 1862 साली ख्रिस्तसभेने त्यांना संत म्हणून घोषित केले.

नकार मिळाल्यावर ते रुसून बसले नाहीत आणि यश मिळाल्यावर त्यातच रमले नाहीत. क्रुसापर्यंत पोहोचण्याआधी त्यांनी आपल्या मनाची एकेक खोली देवासाठी उघडली होती.

आपण काय करावे?

आपल्याला नागासाकीला जायचे नाही. आपला क्रूस बहुधा घरातच असतो. वाडीच्या बांधावरून सख्ख्या भावाशी बोलणे बंद झालेले असते. त्याच्या मुलाच्या लग्नालाही आपण जात नाही, आणि तरीही रविवारी ख्रिस्तशरीर स्वीकारायला दोघेही एकाच रांगेत उभे राहतो. अर्पण वेदीपाशी ठेवून आधी भावाशी समेट कर, असे प्रभू सांगतो (मत्तय 5:23-24). हे ऐकताना मन अवघडले, तर आपली कुलूपबंद खोली कोणती ते आपल्याला समजले.

म्हणून तीन लहान गोष्टी करू या. पहिली, रोज दहा मिनिटे शुभवर्तमानातील एक उतारा सावकाश वाचावा आणि आज प्रभू मला काय मागतो, हे विचारावे. दुसरी, रात्री झोपण्यापूर्वी दिवसाची झडती घ्यावी आणि महिन्यातून एकदा प्रायश्चित्त संस्कार स्वीकारावा. तिथे नेहमीची यादी म्हणून न दाखवता जे सांगायला लाज वाटते ते आधी सांगावे. तिसरी, आठवड्यातून एक काम असे करावे की ज्याचे कौतुक होणार नाही. आजाऱ्याला भेटावे किंवा आपणहून पहिला शब्द बोलावा.

पडलो तर पुन्हा उठावे. लावलेले रोप रोज उपटून मूळ धरले का ते कोणी पाहत नाही. आपण पाणी घालायचे, वाढ देव देतो.

मननासाठी
1. माझ्या मनातील कोणती खोली मी देवासाठी अजून उघडलेली नाही?
2. या आठवड्यात मी कोणाशी पहिला शब्द बोलणार आहे?

प्रार्थना: हे प्रभू येशू, आम्ही तुला आजवर उरलेसुरले दिले. आमच्याजवळ विधवेइतकेच थोडे आहे, पण ते सगळे तुझे होऊ दे. संत गोन्सालो, आमच्यासाठी विनंती करा. आमेन.