शेततळे आणि लहान मुले
(इयत्ता तिसरी व चौथीच्या परिसर अभ्यासासाठी एक पाठ)

पाण्याची वाण असलेल्या भागात शेततळ्याने शेतकऱ्यास मोठाच आधार दिला आहे. राज्य शासनाने सन २०१६ मध्ये 'मागेल त्याला शेततळे' ही योजना सुरू केल्यापासून शेततळे ही गावोगावची नित्याची वस्तू झाली आहे. पावसाळ्यात साठविलेले पाणी उन्हाळ्यात डाळिंबास व कांद्यास द्यावे, आणि त्याच पाण्यात रोहू, कटला, मृगळ यांचे बीज सोडून चार पैसे जोडावेत, असा हा व्यवहार आहे. परंतु पुष्कळ ठिकाणी तळ्याच्या बांधापासून हाकेच्या अंतरावर शेतकऱ्याचे घर असते आणि त्या घरात लहान मुले असतात, ही गोष्ट तळे खोदताना क्वचितच विचारात घेतली जाते.

शेततळ्यात मूल बुडाल्याची वार्ता दर उन्हाळ्यात कोठून ना कोठून येतेच. पुष्कळदा त्या वार्तेत एक नव्हे, दोन मुलांची नावे असतात. धाकटे पाण्यात पडले, त्यास काढावयास थोरले उतरले आणि दोघेही गेली, असा तो प्रकार असतो. या दुसऱ्या नावाचा विचार शिक्षकांनी विशेषेकरून केला पाहिजे. कारण ते थोरले मूल बहुधा शाळेत जाणारे असते.

धोक्याचे स्वरूप

विहिरीची धास्ती मुलांना उपजतच असते. तिचा काळोख व खोली वरून दिसते. शेततळ्याचे तसे नाही. ते उघडे, उजेडाचे आणि मुलांना खेळण्याजोगे वाटते. मासे असले म्हणजे ओढ अधिकच वाढते. वडील कोंडा व पेंड टाकतात आणि मासे वर येतात, हे पाहिलेले मूल पुढे एकटेच मूठभर चारा घेऊन काठावर जाते.

तळ्याचे उतार तिरकस असतात व पाणी मुरू नये म्हणून त्यांवर जाड प्लास्टिकचा कागद अंथरलेला असतो. हा कागद ओला झाला व त्यावर शेवाळ धरले म्हणजे त्यावर पाय ठरत नाही. हातास धरावयास मूळ नाही, दगड नाही, पायरी नाही. म्हणून ज्यास पोहता येते असा मोठा मनुष्यही पुष्कळदा बाहेर येऊ शकत नाही. मुलांना हे कारण समजले पाहिजे. नुसते 'तळ्यावर जाऊ नका' असे दटावल्याने ते समजत नाही.

पाठाचे साहित्य

तीन मीटर दोरी, खडू, प्लास्टिकच्या कागदाचा तुकडा, एक फळी, थोडे पाणी, एक गुळगुळीत गोटा, झाकण घट्ट बसणारा पाच लिटरचा रिकामा कॅन, दहा-बारा मीटर लांबीचा सोल.

पाठाचा ओघ

प्रथम खोलीची कल्पना द्यावी. या तळ्यांची खोली साधारणतः ३ मीटर असते. शाळेच्या बाहेरच्या भिंतीवर तेवढ्या उंचीवर खडूची खूण करावी. ती दाराच्या चौकटीच्याही वर जाते. पहिलीतील एका मुलास भिंतीशी उभे करून त्याची उंची मापावी आणि अशी दोन मुले एकावर एक उभी राहिली तर वरच्याचे डोके कोठे येईल, हे वर्गास मोजून काढावयास सांगावे. ते पाण्याखालीच राहते, हे उत्तर मुलांनी स्वतः काढावे.

नंतर फळीवर कागद पसरून ती तिरपी धरावी. कोरड्या कागदावर गोटा कडेशी ठेवून पाहावा, मग कागद ओला करून त्याच जागी ठेवावा. काय झाले व का झाले, हे मुलांकडून वदवून घ्यावे.

तिसरी गोष्ट अशी की, बुडणारे मूल ओरडत नाही. त्याचे तोंड पाण्याच्या पातळीशी वरखाली होत असते. श्वास घेण्यापलीकडे आवाज काढण्यास त्यास अवसर नसतो, आणि एखाद्या मिनिटाच्या आत ते दिसेनासे होते. म्हणून 'हाक ऐकू येईल' या भरवशावर कोणी राहू नये.

शेवटी मैदानावर सराव घ्यावा. जमिनीवर चुन्याने तळ्याची कड आखावी. एका मुलास 'पाण्यात' बसवावे. बाकीच्यांनी तीन कामे क्रमाने करावीत: मोठ्याने ओरडून माणसे बोलवावीत, सोलास बांधलेला रिकामा कॅन त्याच्याकडे फेकावा, आणि स्वतः चुन्याच्या रेषेच्या आत पाऊल टाकू नये. दोरी ओढताना आपणच ओढले जाऊ लागलो तर ती सोडून द्यावी, हेही शिकवावे. जे मूल मित्रास वाचविण्याच्या भरात रेषा ओलांडील त्यास रागावू नये. त्याची माया खरीच आहे. परंतु त्यास थांबवून सराव पुन्हा करावा. पाठातील सर्वांत अवघड आणि सर्वांत महत्त्वाचा भाग हाच होय.

पाठाची मर्यादा

दोन-तीन वर्षांच्या मुलास सांभाळण्याचे काम नऊ वर्षांच्या बहिणीवर टाकता येणार नाही. ते मोठ्यांचे काम आहे. हा पाठ शिकवून शाळेने आपली जबाबदारी संपली असे मानू नये. शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत हा विषय अवश्य घ्यावा.

तेथे कुंपणाचा प्रश्न आधी मांडावा. तारांचे तीन पदर गुरांना अडवितात. रांगते मूल त्यांखालून जाते. जुन्या साड्यांचे कुंपण पिकाभोवती ठीक, तळ्याभोवती नाही. मोठ्या माणसाच्या छातीइतकी उंच, खालची कड जमिनीत पुरलेली जाळी आणि मुलाचा हात न पोहोचेल अशा कडीचे फाटक हवे. आतल्या उतारावर जागोजाग गाठी मारलेले दोर सोडून ते वर पक्क्या खुंटास बांधावेत. कॅन व सोल काठावरच टांगलेले असावेत. हा खर्च तळ्याच्या मानाने थोडा आहे.

दुसरा प्रश्न देखरेखीचा. बांगलादेशाच्या ग्रामीण भागात घरोघरी मागील दारी मासळीची डबकी असतात. तेथील अभ्यासात असे आढळले की, एक ते चार वर्षांची मुले बहुधा घरापासून थोड्याच अंतरावर आणि सकाळी ९ ते दुपारी १ या वेळात, म्हणजे आई कामात असताना, बुडतात. नेमक्या त्याच वेळेत गावातीलच एका स्त्रीने ही मुले एकत्र सांभाळण्याची 'आँचल' नावाची केंद्रे तेथे चालविली गेली, आणि ही मुले बुडण्याचे प्रमाण पुष्कळच घटले. आपल्याकडे अंगणवाडीचे वर्ग तीन वर्षांपुढील मुलांचे; त्याहून लहान मूल आईबरोबर शेतावर जाते. कांदालागवडीच्या दिवसांत वस्तीवरील बायकांनी पाळीपाळीने एकीस मुलांपाशी बसविले तर ही उणीव भरून निघेल.

प्रथमोपचाराविषयी पालकांस एवढे सांगावे: मूल बाहेर काढताच उलटे टांगणे, गरगर फिरविणे, पोट दाबून पाणी काढणे यांत वेळ दवडू नये. त्यास कठीण जमिनीवर उताणे निजवून श्वास चालतो का पाहावे. नसल्यास तोंडाने श्वास द्यावेत व छाती दाबावी. ३० वेळा दाब व २ श्वास असा क्रम ठेवावा आणि त्याच वेळी दुसऱ्याने १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. मूल सावध झाले तरी दवाखान्यात न्यावेच. ही कृती वाचून येत नाही; शिक्षकांनी प्राथमिक आरोग्य केंद्रात ती एकदा हाताने करून शिकावी.

गृहपाठ व पडताळा

मुलांनी घरी जाऊन वडीलमाणसांस तीन प्रश्न विचारावेत: आपल्या तळ्यास जाळी आहे काय? काठावर दोर आहे काय? आम्ही शाळेत असताना धाकट्यापाशी कोण असते? उत्तरे वहीत लिहून आणावीत. ज्या वहीत 'नाही' आणि 'कोणी नसते' अशी उत्तरे येतील, त्या घरी शिक्षकांनी त्याच आठवड्यात, उन्हाळ्याची सुट्टी लागण्यापूर्वी, स्वतः जाऊन यावे.