लॅपटॉप सुरू होत नाही तेव्हा

कळ दाबूनही लॅपटॉपचा पडदा काळाच राहिला, की यंत्र निकामी झाले असे समजून ते दुरुस्तीस धाडण्याची घाई केली जाते. वस्तुतः यंत्र सुरू होणे ही चार टप्प्यांची साखळी आहे : वीजपुरवठा, यंत्राची आत्मतपासणी, डिस्कचा शोध आणि विंडोज प्रणालीचा प्रारंभ. साखळी कोठे तुटली हे कळले, की उपायाची दिशा सापडते.

१. वीज : दिवा मुळीच लागत नसेल, तर प्रथम सॉकेट व चार्जर पडताळावेत. नंतर चार्जर काढून, बॅटरी सुटी होत असल्यास तीही काढून, सुरू करण्याची कळ सुमारे ३० सेकंद दाबून धरावी. आत उरलेला विद्युत्भार त्यामुळे निघून जातो. मग केवळ चार्जर जोडून पाहावे.

२. आत्मतपासणी : पंखा फिरतो पण पडदा काळा असेल, तर बाहेरचा मॉनिटर जोडावा. त्यावर चित्र उमटल्यास दोष बहुधा पडद्याचा किंवा त्याच्या जोडणीचा होय. बीप ऐकू आल्यास त्या मोजून ठेवाव्यात. त्यांचा अर्थ उत्पादकाच्या पुस्तिकेत असतो.

३. डिस्क : बूट डिव्हाइस सापडत नसल्याची सूचना आल्यास आधी पेन ड्राइव्ह काढावा. बायोसमध्येही डिस्कचे नाव दिसत नसेल, तर यंत्र वारंवार चालू-बंद न करता तज्ज्ञाकडे सोपवावे.

४. प्रणाली : चिन्ह दिसून यंत्र तेथेच अडखळत असेल, तर त्याच क्षणी कळ दाबून धरून ते बंद करावे. दोन-तीन वेळा असे केल्यास विंडोजचा दुरुस्तीचा पडदा येतो. तेथे प्रथम 'स्टार्टअप रिपेअर', नंतर 'सेफ मोड' वापरून पाहावा. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइकच्या सदोष फाइलीमुळे जगभरातील सुमारे ८५ लाख संगणक ठप्प झाले, तेव्हा अनेक ठिकाणी सेफ मोडमध्ये जाऊन ती एक फाइल काढताच ते पूर्ववत झाले. मात्र बिटलॉकरचे कुलूप असलेल्या यंत्रांना बहुधा आधी ४८ अंकी किल्ली द्यावी लागली. ही किल्ली त्याच लॅपटॉपमध्ये ठेवणे म्हणजे पेटीची चावी पेटीतच बंद करणे होय; ती कागदावर उतरवून सुरक्षित जागी ठेवावी.

'रीसेट'चा मार्ग अगदी शेवटचा समजावा, आणि तोही आतील नोंदींची प्रत काढल्यावरच अवलंबावा. यंत्र नवे घेता येते. एकदा पुसलेली लाभार्थ्यांची यादी अथवा अर्जाची नोंद पुन्हा मिळेलच असे नाही. म्हणून यंत्र सुस्थितीत असतानाच आठवड्यातून एकदा प्रत काढण्याचा परिपाठ प्रत्येकाने ठेवावा.