दुसरे दार : लिथुआनियाच्या ऊर्जाधोरणाविषयी
तृतीय वर्ष कला (अर्थशास्त्र)

गेल्या वर्षी आमच्या अर्थशास्त्राच्या चर्चासत्रात मी मोठ्या आवेशाने एक विधान केले होते. युरोपीय संघाच्या दडपणाखाली लिथुआनियाने आपले अणुवीज केंद्र बंद केले आणि त्याच दिवशी त्या देशाने आपले ऊर्जास्वातंत्र्य गमावले, असे ते विधान. टाळ्याही पडल्या. सरांनी मात्र शांतपणे एकच प्रश्न विचारला : "त्या केंद्राचे इंधन कोठून येत होते?" मला उत्तर देता आले नाही. प्रस्तुत लेख म्हणजे त्या प्रश्नाला उशिरा का होईना दिलेले उत्तर होय.

लिथुआनिया हा बाल्टिक समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावरचा देश. क्षेत्रफळ सुमारे ६५,३०० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या जेमतेम पंचमांश, आणि लोकसंख्या तीस लाखांच्या आत. संस्कृत घेतलेल्या मित्रांना हा देश अगदीच परका वाटू नये. तिथल्या भाषेत अग्नीला 'उग्निस' म्हणतात आणि धुराला 'दूमाइ'. या जुन्या नात्यामुळेच भाषाशास्त्रज्ञ त्या भाषेकडे विशेष आस्थेने पाहतात. असो. अग्नीला इतका प्राचीन शब्द असलेल्या या देशाकडे जळण मात्र नाही. दगडी कोळशाच्या खाणी नाहीत, नैसर्गिक वायू नाही, तेल आहे ते नाममात्र.

जळण नसणे म्हणजे काय, हे त्या देशाला १९९० साली समजले. ११ मार्च रोजी तेथील विधिमंडळाने सोव्हिएत संघापासून स्वातंत्र्य घोषित केले. (विधिमंडळाचे अध्यक्ष व्हितौतास लान्डस्बेर्गिस हे संगीतशास्त्राचे प्राध्यापक होते, ही गोष्ट कला शाखेच्या विद्यार्थ्यांनी जरूर ध्यानात ठेवावी.) मॉस्कोने गर्दीवर रणगाडे घातले ते पुढल्या वर्षीच्या जानेवारीत. त्याच्या कितीतरी आधी बंद झाली ती तेलाची नळी. १८ एप्रिलला माझेइकियाइच्या तेलशुद्धीकरण कारखान्याकडे येणारे कच्चे तेल थांबले आणि वायूच्या पुरवठ्यातही मोठी कपात झाली. पेट्रोलचे रेशनिंग सुरू झाले. स्वातंत्र्याच्या घोषणेची अंमलबजावणी काही काळ स्थगित ठेवण्याची तयारी विधिमंडळाने दाखवली, तेव्हा कुठे अडीच महिन्यांनी ही नाकेबंदी उठली. ज्याच्या हाती नळी, त्याला बंदूक उचलण्याची घाई नसते, हे या प्रसंगातून ध्यानात येते.

आता माझ्या लाडक्या अणुवीज केंद्राकडे वळू. देशाच्या ईशान्य कोपऱ्यात द्रुक्शियाइ सरोवराच्या काठी इग्नालिनाचे केंद्र उभे राहिले. पहिली भट्टी १९८३ च्या अखेरीस आणि दुसरी १९८७ साली सुरू झाली. जात चेर्नोबिलचीच, पण क्षमता त्याहून मोठी. १९९३ साली देशात निर्माण झालेल्या विजेपैकी सुमारे ८८ टक्के वीज या एका केंद्राने दिली. हे प्रमाण फ्रान्सपेक्षाही अधिक होते. हा आकडा वाचूनच मी भारावलो होतो. परंतु भट्ट्यांचा आराखडा सोव्हिएत, इंधनाचे गज रशियातून येणारे, आणि वीज ज्या जाळ्यातून वाहायची त्याचे नियंत्रण मॉस्कोत. अंगण आपले, विहीर, पोहरा आणि दोर मात्र शेजाऱ्याचा! सरांच्या प्रश्नाचा रोख हाच होता.

या भट्ट्यांना पाश्चात्त्य केंद्रांप्रमाणे भक्कम बाह्य कवच नव्हते. त्यामुळे त्या बंद करणे ही युरोपीय संघात प्रवेश मिळण्याची अट ठरली. पहिली भट्टी ३१ डिसेंबर २००४ ला आणि दुसरी ३१ डिसेंबर २००९ ला थंडावली. लोकांना हे मनापासून पटले होते असे नाही. ऑक्टोबर २००८ मध्ये केंद्र चालू ठेवावे की नाही यावर सार्वमत घेण्यात आले. मत देणाऱ्यांतील बहुसंख्यांनी 'चालू ठेवा' असाच कौल दिला. पण निम्मे मतदारसुद्धा न फिरकल्याने सार्वमत बाद झाले. पुढे २०१२ साली नव्या अणुवीज केंद्राविषयी विचारले, तेव्हा मात्र बहुसंख्य मते विरोधात पडली.

येथे माझे जुने विधान निम्मे खरे ठरते, हे मी हट्टाने नोंदवतो. केंद्र बंद होताच वीज निर्यात करणारा हा देश निम्म्याहून अधिक वीज आयात करू लागला. घरी जी वीज होई तिच्यासाठी एलेक्ट्रेनाइच्या औष्णिक केंद्रात वायू जाळावा लागे. तो वायू येई बेलारूसमार्गे, रशियाच्या गॅझप्रॉम या एकाच विक्रेत्याकडून. म्हणजे अपघाताचे भय टाळण्यासाठी उचललेल्या पावलाने पुरवठ्याचे भय वाढवले. विक्रेता एकच असल्याने दरही तोच ठरवी. जादा आकारणी झाल्याची तक्रार घेऊन लिथुआनिया २०१२ साली स्टॉकहोमच्या लवादाकडे गेला. २०१६ साली दावा फेटाळला गेला. कोर्टकचेरीने नळीला दुसरे तोंड फुटत नाही.

ते फुटले एका जहाजाने. नैसर्गिक वायू उणे १६२ अंश सेल्सिअसपर्यंत थंड केला की त्याचा द्रव होतो आणि आकारमान सुमारे सहाशेपटीने घटते. असा द्रववायू जगातल्या कोणत्याही बंदरातून आणता येतो. तो उतरवून घ्यायला, साठवायला आणि पुन्हा वायुरूप करून नळीत सोडायला सोय मात्र हवी. किनाऱ्यावर ती उभारायला वर्षानुवर्षे लागतात. म्हणून लिथुआनियाने ही सारी यंत्रसामग्री पोटात असलेले, दक्षिण कोरियात बांधलेले जहाज एका नॉर्वेजियन कंपनीकडून दहा वर्षांच्या भाड्याने घेतले. २७ ऑक्टोबर २०१४ रोजी ते क्लायपेडा बंदरात आले. त्याचे नाव 'इंडिपेंडन्स', म्हणजे स्वातंत्र्य. आणि ते उभे राहिले त्या जागेशेजारच्या चिमुकल्या बेटाचे नाव 'डुकराची पाठ' अशा अर्थाचे! जहाजाची खरी करामत ते येण्यापूर्वीच दिसली. त्याच वर्षीच्या मे महिन्यात गॅझप्रॉमने आपला दर सुमारे २० टक्क्यांनी उतरवला होता.

पण भाड्याचे पैसे कोणी द्यायचे? पहिली काही वर्षे जहाजाची क्षमता बव्हंशी पडूनच असे आणि अधिभार मात्र प्रत्येक वायुग्राहकाच्या बिलात येई. योनाव्हा येथील खतकारखाना हा देशातला सर्वांत मोठा वायुग्राहक. त्याने या अधिभाराविरुद्ध युरोपीय न्यायालयापर्यंत धाव घेतली. हे वाचताना मला आत्याच्या गावची पिठाची गिरणी आठवली. गिरणी विजेच्या मोटारीवर चालते. पण मामांनी कोपऱ्यात एक जुने डिझेल इंजिन ठेवले आहे. दर शनिवारी ते दहा मिनिटे चालवायचे, तेलपाणी करायचे. आत्या कुरकुरते, "न दळणाऱ्या इंजिनाला दर आठवड्याला डिझेल पाजता!" गावात दोन दिवस वीज नसली की मात्र बाया डबे घेऊन आमच्याच दारात रांग लावतात. आत्याचे म्हणणे हिशेबाच्या दृष्टीने चूक नाही. चूक असलीच तर ती वहीची आहे. जे संकट आले नाही, त्याची नोंद वहीत होत नाही.

लिथुआनियाच्या वहीत ती २०२२ साली झाली. युक्रेनवर रशियाने आक्रमण केले आणि एप्रिलच्या आरंभीच आपण रशियन वायू घेणे थांबवले असल्याचे लिथुआनियाने जाहीर केले. युरोपीय संघातील असा हा पहिला देश. आता जहाज रिकामे राहीना. शेजारच्या देशांनाही त्याच वाटेने वायू जाऊ लागला. २०२४ च्या डिसेंबरात ते जहाज लिथुआनियाने विकतच घेतले.

विजेचे जाळे तोडणे याहून नाजूक होते. एकमेकांना जोडलेल्या जाळ्यांत विजेची वारंवारता सर्वत्र सारखी, ५० हर्ट्‌झच्या आसपास, राखावी लागते. बाल्टिक देशांत ती राखण्याचे काम स्वातंत्र्यानंतर तीस वर्षे लोटली तरी मॉस्कोहूनच होत होते. आधी स्वीडनकडे ७०० मेगावॉटची समुद्राखालची केबल आणि पोलंडकडे ५०० मेगावॉटची जोडणी झाली. मग लिथुआनिया, लाटव्हिया, एस्टोनिया या तिघांनी मिळून प्रचंड फिरती यंत्रे बसवली. ही यंत्रे वीज निर्माण करत नाहीत. केवळ फिरत राहून आपल्या जडत्वाने वारंवारता सावरतात. (आत्याला हे सांगायला हवे!) ८ फेब्रुवारी २०२५ रोजी सकाळी तिन्ही देश रशियाच्या जाळ्यापासून तुटले, दीड दिवसाच्या आत-बाहेर बेटासारखे स्वतःच्या बळावर चालले, आणि ९ तारखेला पोलंडमार्गे युरोपच्या जाळ्याला जोडले गेले. दिवे गेले नाहीत.

या साऱ्यातून वीज स्वस्त झाली, असा समज मात्र कोणी करून घेऊ नये. १७ ऑगस्ट २०२२ रोजी सायंकाळी एका तासापुरता बाल्टिक देशांतील घाऊक दर एका युनिटला ४ युरोपर्यंत चढला होता. दुसरे दार असले म्हणून बाहेरचा बाजार आपल्या सोयीने चालत नाही. शिवाय समुद्राखालची केबल कोणाच्याही नांगराने तुटू शकते. २०२४ च्या नाताळच्या दिवशी फिनलंड आणि एस्टोनिया यांमधली केबल अशीच निकामी झाली, आणि तेही जाळे बदलायला दीड महिना उरला असताना. सुरक्षितता आणि स्वस्ताई या दोन गोष्टी मी माझ्या भाषणात एकच धरून चाललो होतो. माझी मोठी चूक ती.

इग्नालिनाच्या भट्ट्या आता हळूहळू सुट्या केल्या जात आहेत. केंद्रासाठीच वसवलेल्या व्हिसागिनास गावातील अनेकांना आज हेच काम आहे. सरांचा प्रश्न इंधन कोठून आले एवढाच होता. ते रशियातून आले. वापरून झालेले मात्र परत गेले नाही. जाड कवचाच्या पिंपांत बंद करून त्याच सरोवराच्या काठी ते ठेवलेले आहे, आणि त्याची राखण लिथुआनियाच करतो आहे.